न हटणारा थकवा आणि लिम्फोमा : तपासणीचा क्रम आणि त्यात होणाऱ्या चुका

थकव्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला आपल्या भागात बहुधा एक सलाइन, एक बी-१२चे इंजेक्शन आणि टॉनिकची बाटली मिळते. चार दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. असे सहा-आठ महिने गेले की दोन टोकांच्या चुका होतात. काही घरांत मानेवरची गाठ बोराएवढी होईपर्यंत ‘अशक्तपणा आहे’ हेच उत्तर चालत राहते, तर काही घरांत कुणीतरी मोबाइलवर ‘थकवा म्हणजे रक्ताचा कर्करोग’ असे वाचून, साधा हिमोग्लोबिनचा आकडाही न पाहता, थेट पुण्या-मुंबईला महागड्या स्कॅनसाठी धाव घेते. दोन्हीकडे चूक एकच असते आणि ती म्हणजे क्रम मोडण्याची. कोणती तपासणी कोणत्या तपासणीच्या आधी, कोणते औषध कोणत्या तपासणीच्या नंतर, आणि घरी काय टिपून ठेवायचे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही. डॉक्टरांसमोर तयारीने बसता यावे यासाठी तो लिहिला आहे.

आधी हे स्पष्ट असू द्या : थकवा विकार आणि लिम्फोमा यांचा संबंध नेमका कुठे येतो

दीर्घकालीन थकवा विकार, ज्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम किंवा एमई-सीएफएस म्हणतात, आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा (मान, काख, जांघ इथल्या गाठींचा) कर्करोग, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होते असे सिद्ध झालेले नाही. तरीही त्यांच्या वाटा काही ठिकाणी एकमेकींना भेटतात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लिम्फोमाची सुरुवात नुसत्या थकव्याने होऊ शकते आणि त्या काळात रुग्णावर थकवा विकाराचा शिक्का बसू शकतो. दुसरी गोष्ट आकडेवारीची आहे. २०१२ साली अमेरिकेत ६६ ते ९९ वयाच्या लोकांच्या आरोग्य विम्याच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थकवा विकाराची नोंद असलेल्यांमध्ये नॉन-हॉजकिन या लिम्फोमाच्या एका मुख्य प्रकाराची शक्यता १.२९ पट आढळली. हा आकडा ऐकून घाबरण्यापूर्वी त्याचा अर्थ लावावा. समजा दहा हजार माणसांत दहा जणांना एखादा आजार होत असेल, तर १.२९ पट म्हणजे साधारण तेरा जण; उरलेल्या ९,९८७ जणांना तो होत नाही. शिवाय तो अभ्यास वयस्क अमेरिकी लोकांचा आणि विम्याच्या नोंदींवर आधारलेला होता, त्यामुळे बीडच्या तिशीतल्या बाईला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

तिसरा दुवा एपस्टीन-बार विषाणूचा आहे. या विषाणूच्या तापानंतर काही जणांचा थकवा महिनोन्महिने टिकतो आणि हाच विषाणू काही प्रकारच्या लिम्फोमाशीही जोडलेला आहे. परंतु बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणीच शिरून गेलेला असतो. म्हणून त्याची जुन्या संसर्गाची रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली, तर त्यावरून थकवा विकारही ठरत नाही आणि कर्करोगही ठरत नाही. त्या तपासणीवर घातलेले पैसे बहुधा वायाच जातात.

टप्पा १ : तीन आठवड्यांची वही

दवाखान्यात जाण्याआधी शक्य असल्यास तीन आठवडे नोंदी ठेवाव्यात. गाठ दिसत असेल, ताप येत असेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर मात्र वहीसाठी न थांबता आजच दाखवावे. शाळेची साधी दोनशे पानी वही पुरते. रोज एक ओळ लिहायची : संध्याकाळचे तापमान, दिवसभराचे काम, झोप, आणि थकवा शून्य ते दहा यांपैकी कितीवर.

तापमान कपाळाला हात लावून नव्हे, थर्मामीटरनेच मोजावे, आणि त्या दिवशी तापाची गोळी घेतली असेल तर तीही लिहावी. गोळीने उतरलेला ताप ‘ताप नाही’ म्हणून नोंदला गेला की पुढचे सगळे अंदाज चुकतात. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइटच्या वरचा आणि कारण न सापडणारा ताप डॉक्टरांना अवश्य सांगावा.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर करावे. घरी काटा नसेल तर भुसार दुकानातला धान्याचा काटाही चालतो, मात्र दर वेळी तोच हवा. सहा महिन्यांत, प्रयत्न न करता, दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलोंहून जास्त कमी झाले, तर तो गंभीर इशारा मानतात. सहा महिन्यांपूर्वीचे वजन माहीत नसेल तर जुन्या केसपेपरवर ते सापडते, किंवा पोलके सैल झाले, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले, यावरून अंदाज बांधता येतो.

रात्रीच्या घामाबद्दल आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. मे महिन्यात लातूर-परभणीकडे गच्चीवर झोपणारा प्रत्येक जण घामाघूम होतो, आणि म्हणून उन्हाळ्यात घामाच्या तक्रारीकडे कुणी लक्ष देत नाही. यावर एक साधी कसोटी वापरावी : शेजारी झोपलेल्यांची अंथरुणे कोरडी आणि एकट्या याचीच बनियन, चादर, उशी पिळून काढण्याइतकी भिजलेली, कपडे बदलल्याशिवाय पुन्हा झोपता येऊ नये इतकी, असे असेल तर तो घाम हवेचा नाही. दिवाळीनंतरच्या थंडीत असा घाम येत असेल तर तो हवेचा नाही याबद्दल शंकेला जागाच उरत नाही.

शेवटची नोंद श्रमाची, आणि थकवा विकार ओळखण्यासाठी तीच सर्वांत मोलाची आहे. या विकारात श्रमानंतर लगेच नव्हे, तर अनेकदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी तब्येत कोसळते आणि सावरायला काही दिवस किंवा आठवडे लागतात. रविवारी आठवडी बाजार करून आलेली बाई सोमवारी सकाळी बरी असते, सोमवारी संध्याकाळी तिचे हातपाय गळतात, घसा धरतो, उजेड सहन होत नाही, आणि गुरुवारपर्यंत ती उठत नाही. वहीत रविवार आणि सोमवार शेजारी-शेजारी लिहिलेले नसतील तर हा धागा कुणाच्याच ध्यानात येत नाही.

टप्पा २ : गाठी चाचपणे

शांत बसून, दोन-तीन बोटांच्या पेरांनी, हळू गोल फिरवत चाचपावे. टोचू नये आणि चिमटीत धरून दाबू नये. क्रम ठरलेला असू द्या : जबड्याखाली, कानापुढे आणि कानामागे, मानेच्या दोन्ही बाजू, मानेची मागची बाजू, मग खांदे थोडे पुढे घेऊन गळपट्टीच्या हाडांच्या वरचे खळगे. काखेसाठी हात दुसऱ्या माणसाच्या हातावर सैल टेकवावा, कारण स्नायू ताणलेले असले की काखेतले काही कळत नाही. जांघ आडवे पडून पाहावी.

एक सेंटिमीटर म्हणजे साधारण भिजवलेल्या हरभऱ्याएवढी गाठ. मानेत किंवा काखेत त्याहून मोठी, जांघेत दीड सेंटिमीटरहून मोठी आणि चार आठवडे होऊनही न उतरलेली गाठ डॉक्टरांना दाखवावी. गळपट्टीच्या वरच्या खळग्यात मात्र आकार पाहत बसू नये. तिथे हाताला लागणारी कोणतीही गाठ त्याच आठवड्यात दाखवावी.

अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या जांघेत पायाच्या जखमेमुळे अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येते, ते दुखते आणि जखम भरली की उतरते. त्याची धास्ती घेऊ नये. थकवा विकारातही मानेतल्या, काखेतल्या गाठी हुळहुळ्या होतात, पण त्या लहान असतात आणि कमी-जास्त होत राहतात. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही, रबरासारखी लागते आणि वाढत जाते. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज म्हणूनच घातक ठरतो.

इशारा : गाठ रोज चाचपू नका. रोज दाबलेली गाठ हुळहुळी होते, आणि रोज पाहणाऱ्याला वाढ कळतही नाही. पंधरा दिवसांतून एकदा, तारीख घालून, ‘डावी मान, हरभऱ्याएवढी’ असे लिहिणे पुरेसे आहे.

टप्पा ३ : सलाइनच्या आधी रक्त

पहिल्या भेटीत पुढील तपासण्यांबद्दल विचारावे : संपूर्ण रक्तगणना आणि त्यासोबत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचा अहवाल, शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, बी-१२, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, कॅल्शियम, पेशींची मोडतोड दाखवणारे एलडीएच, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, लघवीची तपासणी, आणि छातीचा एक्स-रे. यांतल्या बहुतेक तपासण्या कर्करोग शोधण्यासाठी नसून थकव्याची नेहमीची कारणे बाजूला काढण्यासाठी आहेत. बाईचे हिमोग्लोबिन बारांच्या खाली किंवा पुरुषाचे तेरांच्या खाली असेल तर आधी रक्तक्षयाचे कारण शोधायचे. आपल्याकडे थकलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींचे उत्तर तिथेच सापडते. गुरांत वावर असेल, कच्चे दूध पिण्यात असेल आणि ताप येऊन-जाऊन असेल, तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गुरांपासून होणाऱ्या तापाची, तपासणी करायची का, हे आपणहून विचारावे, कारण गुरांचा विषय काढल्याशिवाय तो निघत नाही.

इथे तीन चुका वारंवार होतात. बी-१२चे इंजेक्शन आधी आणि तपासणी नंतर झाली, तर आकडा वर दिसतो आणि कमतरता झाकली जाते. गावात काढलेले रक्त ऊन खात, मोटारसायकलवर दोन-तीन तासांनी तालुक्याच्या लॅबला पोचले आणि तांबड्या पेशी फुटल्या, तर एलडीएच खोटा वाढलेला येतो आणि घरात विनाकारण रडारड होते. असा आकडा आला तर लॅबमध्येच जाऊन ताजे रक्त द्यावे आणि मगच त्याचा विचार करावा. तिसरी चूक सर्वांत मोठी : रक्तगणना नॉर्मल आली की ‘कर्करोग नाही’ असे समजून गाठ विसरली जाते. लिम्फोमात रक्तगणना अगदी नॉर्मल असू शकते. रक्ताचा अहवाल गाठीला माफी देत नाही.

पडताळणी : ईएसआर किंवा सीआरपी ठळकपणे वाढलेला असेल, तर थकवा विकाराचा शिक्का इतक्यात स्वीकारू नये. त्या विकारात हे आकडे बहुधा सरळ असतात. वाढलेले असतील तर दुसरे कारण शोधणे बाकी आहे.

टप्पा ४ : गाठ असेल तर तुकडा आधी, औषध नंतर

माझ्या चुलत्यांच्या बाबतीत आम्ही हाच क्रम चुकवला. मानेला गाठ होती, थकवा होता, भूक नव्हती. एका डॉक्टरांनी दिलेल्या पुडीतल्या बारीक पांढऱ्या गोळ्यांनी आठ दिवसांत गाठ निम्मी झाली, चुलते भाकरी मागून खाऊ लागले, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या, हे महिन्याने, गाठ पुन्हा वाढल्यावर कळले. पुढे गाठ काढली ती शनिवारी दुपारी. लॅब बंद म्हणून ती नुसत्या सलाइनमध्ये घालून आमच्या हाती दिली गेली, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात ती सोमवारपर्यंत घरच्या कोनाड्यात राहिली. अहवाल आला : ‘पेशी खराब झाल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही.’ दुसऱ्यांदा चिरफाड करावी लागली, आणि त्यात गेलेले पाच आठवडे मला आजही डाचतात.

म्हणून पुढील क्रम काटेकोरपणे पाळावा.

१. तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी, होईपर्यंत स्टेरॉइड घेऊ नये. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी काही काळ मरतात, गाठ बसते आणि तुकड्यात आजार ओळखू येईनासा होतो. नाव नसलेल्या, पुडीतून मिळणाऱ्या गोळ्या नम्रपणे नाकाराव्यात किंवा चिठ्ठीवर नाव लिहून मागावे. दमा किंवा दुसऱ्या एखाद्या आजारासाठी आधीपासून स्टेरॉइड सुरू असेल, तर मात्र ते मनाने अचानक बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

२. सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, ही पहिली पायरी म्हणून ठीक आहे. क्षयरोग तिच्यातून पुष्कळदा सापडतो. पण लिम्फोमा नाही असे तिच्यावरून ठरवता येत नाही. अहवालात ‘रिअॅक्टिव्ह’, म्हणजे संसर्गासारख्या कारणाने सुजलेली, असे लिहिले असूनही गाठ टिकून राहिली किंवा वाढली, तर पूर्ण गाठ काढून तपासण्याची मागणी करावी. गाठ खोलवर असेल आणि पूर्ण काढणे शक्य नसेल, तर जाड सुईने काढलेला तुकडा चालतो. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ या भीतीने कित्येक जण इथूनच परत फिरतात; लिम्फोमाच्या बाबतीत ती भीती निराधार आहे.

३. गाठी अनेक असतील तर कोणती काढावी हे शल्यविशारद ठरवतात, तरी मानेतली मोठी गाठ हाताशी असताना जांघेतली काढली जात असेल तर कारण विचारावे. जांघेत जुन्या जखमांच्या खुणा असतात आणि अहवाल संदिग्ध येण्याची शक्यता जास्त असते.

४. बाटल्या दोन लागतात. एक रुंद तोंडाची, दहा टक्के फॉर्मॅलिनची, ज्यात द्रव गाठीच्या कितीतरी पट जास्त असेल. ही सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी. दुसरी निर्जंतुक, फॉर्मॅलिन नसलेली, जिच्यातला छोटा तुकडा सीबीनॅट या क्षयरोगाच्या तपासणीसाठी त्याच दिवशी जायला हवा. सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवली तर जंतू वाढवून पाहण्याची तपासणी होऊ शकत नाही, आणि सगळी सलाइनमध्ये ठेवली तर आमच्यासारखे होते. शस्त्रक्रियेची तारीख आठवड्याच्या सुरुवातीची घ्यावी. बाटलीवर नाव, वय, गाठीची जागा आणि तारीख लिहिली आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

५. लिम्फोमाचा अहवाल आला तर त्याचा उपप्रकार ठरवण्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून पाहण्याची तपासणी, लागते, आणि उपचार त्या उपप्रकारावर ठरतात. तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबकडून मागून घ्याव्यात; मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा पाहिल्या जातात. ब्लॉक उन्हात, गाडीच्या टपावर किंवा डिकीत ठेवू नये, कारण मेण वितळते.

इशारा : मानेच्या गाठीला आपल्याकडे क्षयरोग हेच पहिले उत्तर असते आणि बहुतेकदा ते बरोबरही असते. पण तपासणीशिवाय, नुसत्या अंदाजाने क्षयरोगाची औषधे सुरू झाली असतील आणि दोन महिन्यांत गाठ उतरत नसेल, तर ‘आणखी थोडे दिवस बघू’ असे न म्हणता तुकडा तपासणीकडे जावे. औषधे स्वतःहून मध्येच सोडू नयेत.

टप्पा ५ : कुठे जावे आणि काय न्यावे

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय हे मराठवाड्यासाठी पहिले ठिकाण आहे. तुकडा तपासणीपर्यंतची कामे संभाजीनगरचेच घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचे विष्णुपुरी येथील आणि लातूरचे शासकीय महाविद्यालय यांच्याशी संलग्न रुग्णालयांत होऊ शकतात. धाराशिव आणि बीडकडच्या अनेकांना बार्शीचे कर्करोग रुग्णालय जवळ पडते. सोबत आधार कार्ड, शिधापत्रिका, वही, सर्व अहवाल तारखेच्या क्रमाने आणि सध्याच्या औषधांची पाकिटे न्यावीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, दाखल होण्याआधीच विचारावे. तपासण्यांचे पैसे भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ राहत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. दसरा-दिवाळीला कोयता निघाला की तपासणी अर्ध्यावर तुटते आणि पुढची भेट थेट उन्हाळ्यात होते. गाठ असेल तर ऊसतोडीला निघण्यापूर्वीच तुकडा तपासून घ्यावा, आणि अहवालांचे फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवावेत. पालावरून जवळच्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात ते दाखवता येतात.

टप्पा ६ : गाठ नाही, अहवाल सरळ, तरी थकवा कायम

इथे थकवा विकाराचा विचार सुरू होतो. २०१५ सालच्या अमेरिकी निकषांनुसार सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता ठळकपणे घटलेली असावी, श्रमानंतर तब्येत कोसळत असावी, झोपूनही ताजेपणा येत नसावा, आणि यांसोबत विचार-स्मरणात अडथळा किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास यांपैकी किमान एक असावे. उभे राहण्याच्या त्रासासाठी दहा मिनिटे आडवे पडून नाडी मोजावी, मग भिंतीला टेकून दहा मिनिटे उभे राहून दर मिनिटाला मोजावी. प्रौढाची नाडी तीसहून अधिक ठोक्यांनी वाढून तशीच टिकली, तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा. हे करताना शेजारी माणूस हवाच. चक्कर आली तर लगेच आडवे करावे.

घरच्यांनी ‘थोडे चाल, अंग मोकळे होईल’ असे म्हणणे या विकारात अपाय करते. २०२१ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत या रुग्णांसाठी मागे घेतली. जेवढे काम केल्यावर दुसऱ्या दिवशी कोसळत नाही, तेवढ्यातच राहणे ही सध्याची शिस्त आहे. तपासणीचा प्रवासही तिच्यात धरावा : रक्त आणि सोनोग्राफी एकाच फेरीत, उपाशीपोटी, सकाळी, आणि त्यानंतरचे दोन दिवस मोकळे.

आणखी एक चूक टाळावी. नॉर्वेतील बर्गन येथील कर्करोगतज्ज्ञांना लिम्फोमासारख्या आजारावर उपचार घेताना काही रुग्णांचा जुना थकवा विकारही हलका झाल्याचे दिसले होते. त्यातून लिम्फोमावरचे रिटुक्सिमॅब हे औषध थकवा विकारासाठी तपासले गेले. सुरुवातीच्या लहान चाचणीने आशा दाखवली, पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १५१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. जुनी बातमी दाखवून कुणी हे महागडे औषध थकव्यासाठी सुचवत असेल तर घेऊ नये.

टप्पा ७ : शिक्का बसल्यानंतरची फेरतपासणी

थकवा विकाराचे निदान झाले की कुटुंब आणि डॉक्टर दोघेही नव्या तक्रारी त्याच खात्यात टाकू लागतात. वहीच्या शेवटच्या पानावर पुढील वर्षभराच्या चार तारखा लिहून ठेवाव्यात, दर तीन महिन्यांनी एक. त्या दिवशी वजन, गाठी, ताप आणि घाम एवढेच पाहायचे. मागच्या वेळी नसलेली गाठ, उतरते वजन, कारण न सांगता येणारी अंगभर खाज, छातीत दडपण किंवा डाव्या बरगडीखाली जडपणा, यांपैकी काही आढळले तर ‘तो जुनाच थकवा’ असे न म्हणता टप्पा ३ पासून पुन्हा सुरू करावे.

टप्पा ८ : लिम्फोमाचे उपचार संपल्यानंतरचा थकवा

केमोथेरपीनंतर थकवा महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षे राहतो. तो दिसला की आजार उलटला असे समजू नये, आणि तो थकवा विकार आहे असेही धरू नये. मानेला किंवा छातीला किरणोपचार झाले असतील तर थायरॉइड, आणि काही केमो औषधांनंतर हृदय, यांची तपासणी आधी होते. कर्करोग उपचारांनंतरच्या साध्या थकव्यात डॉक्टरांच्या देखरेखीखालचा हलका व्यायाम उपयोगी पडतो, म्हणजे टप्पा ६ च्या नेमके उलट. म्हणून इथेही श्रमाची वही तीन आठवडे लिहूनच व्यायाम ठरवावा. ताप, घाम, गाठ यांपैकी काही परत आले, तर पुढच्या स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता, जुन्या काचपट्ट्या आणि ब्लॉकसह, उपचार झालेल्या रुग्णालयातच त्या आठवड्यात दाखवावे.